चार फुटी फिश टँकसाठी सागवानी स्टँड: वजन, सांधे आणि जागा

शेवाळी

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच असा टँक हॉलमध्ये ठेवायचाय. काच १२ मिमी, इथल्याच (पुण्यातल्या) कारागिराकडून बनवून घेतोय. स्टँड मात्र सागवानात घरी करायचा, हे पक्कं आहे. आराखडा खाली मांडतोय. सुतारकाम आणि बांधकाम जाणणारे बरेच लोक इथे वावरतात, तर करवत लावायच्या आधी जे काही सांगायचं असेल ते मोकळेपणाने सांगा.

आधी वजन. टँक काठोकाठ ३४० लिटरचा होतो. वरचे दोन इंच मोकळे सोडले की पाणी ३१० लिटर. काचेचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर, एक मिमी जाड काच अडीच किलो भरते. सगळ्या बाजू मिळून २८ चौरस फूट काच लागते, १२ मिमीत ती ७८ किलो होते. तळाला दोन इंच वाळू आणि थोडे दगड, साठ-पासष्ट किलो. वाळू जितकी जागा अडवते तितकं पाणी कमी मावतं, ते वजा करायचं. म्हणजे टँक सव्वाचारशे ते साडेचारशे किलो, आणि स्टँड धरून जमिनीवर पाचशेच्या आसपास. हे सगळं सहा चौरस फुटांत. पाहुणे येतात, बसतात, उठून जातात. हे ओझं कधीच उठत नाही.

स्टँडची उंची ३० इंच. वरची चौकट ४×२ ची, उभी धरून, म्हणजे चार इंच उंचीला. खालची चौकट ३×२ ची, आडवी, पूर्ण फरशीवर टेकलेली. मध्ये ३×२ चे सहा पाय: चार कोपऱ्यांत, दोन लांब बाजूंच्या मधोमध. दोन्ही चौकटींत दीड फुटाच्या दिशेने तीन-तीन आडव्या पट्ट्या. वर १८ मिमी मरीन प्लाय, पाठीला आणि दोन्ही बाजूंना १२ मिमी प्लाय.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे. बाजारात बरेच स्टँड असे दिसतात की पाय आख्खा वरपर्यंत जातो आणि आडवी पट्टी त्याच्या अंगाला दोन स्क्रूंनी लटकवलेली असते. तिथे टँकचं सगळं वजन त्या स्क्रूंवर येतं. स्क्रूचं काम लाकडं एकमेकांना धरून ठेवणं, भार उचलणं त्याच्याकडे नको. प्लायवरून चौकटीवर, चौकटीवरून पायावर, पायावरून खालच्या चौकटीवर आणि तिथून जमिनीत, असं वजन लाकडावरून लाकडावर उतरलं पाहिजे. सगळे स्क्रू काढून टाकले तरी स्टँड नुसत्या वजनाने जागच्या जागी उभा राहील, अशी रचना हवी.

लाकूड पावणेदोन घनफुटाच्या आत येतंय, वाया जाणारं धरून सव्वादोन घ्यावं लागेल. (रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४.) भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक चक्कर झाली आहे.

प्रश्न दोन. सांधे कोणते घालू? आणि १२ मिमी प्लायची पाठ पुरेल का, की तिरकी पट्टीही मारू?

---

सुतारशाळा

शेवाळी, रचना चांगली आहे. वजन लाकडावरून लाकडावर उतरलं पाहिजे हे तुम्ही धरलंत, तिथे निम्मं काम झालं. आमची सावंतवाडीजवळ सुतारशाळा आहे, वडिलांपासून हेच काम.

सांध्याचं म्हणाल तर पायाच्या दोन्ही टोकांना कुसू (खाचेत बसणारी बारीक केलेली जीभ) काढा आणि वरच्या-खालच्या चौकटीत तिला खाच पाडा. कुसू एक इंच खोल पुरे. महत्त्वाचं काय, तर कुसूच्या दोन्ही अंगांना पायाचा जो खांदा राहतो तो चौकटीला पूर्ण टेकला पाहिजे, कारण वजन खांद्यावरून उतरतं. म्हणून खाच कुसूपेक्षा अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त खोल ठेवा. कुसू तळाला आधी टेकली तर खांदा अधांतरी राहतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला सांधा अगदी घट्ट दिसतो. कोरा कागद खांद्याखाली सरकवून बघा. सरकला, तर पटाशीने खाच अजून थोडी उतरवा.

चौकटीच्या कोपऱ्यात अर्ध्यात अर्धी खाच (दोन्ही लाकडं निम्मी-निम्मी कापून एकमेकांत बसवायची) चालेल. तिथे गुण्या लावून बघणं आलंच, पण तेवढ्याने भागत नाही. चौकट जोडली की दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले तर चौकट काटकोनात. मग दोन बारीक दोरे दोन्ही कर्णांवर ताणून बांधा. मधोमध दोरे एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. मध्ये फट राहिली, किंवा खालचा दोरा वरच्याला उचलू लागला, तर चौकटीला पीळ आहे. दोऱ्यांची जागा वर-खाली बदलून पुन्हा बघा. काचेच्या टँकला पिळाएवढं वाईट काही नाही.

लाकूड घेताना गाभ्याचं घ्या. कडेचा पांढरट भाग असला तर वखारवाल्याला तो काढायला लावा, कीड तिथेच आधी लागते. आणि ४×२ मागितलंत तरी रंधा मारून झाल्यावर हातात पावणेचार बाय पावणेदोन येतं. मापं त्या हिशेबाने धरा.

सागाला नैसर्गिक तेल असतं. फेव्हिकॉल लावायच्या आधी सांध्याच्या जागा थिनरने पुसा आणि सुकल्याबरोबर चिकटवा. स्क्रूला आधी बारीक भोक पाडा, नाहीतर टोकाकडे लाकूड चिरतं.

---

बीम_कॉलम

मी नाशिकला स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे. लाकडाबद्दल थोडं, जमिनीबद्दल जास्त बोलतो.

सागाचा ३×२ चा पाय चिरडला जाईल ही भीती कोणी बाळगू नये. रेषांच्या दिशेने सागवान एका चौरस सेंटिमीटरला ८० किलो सुरक्षितपणे घेतं असं धरलं, तरी एकच पाय तीन टन झेलतो. तुमच्याकडे सहा आहेत. स्टँड फसतात ते दोन कारणांनी: वरची पट्टी मधे वाकते, किंवा अख्खा सांगाडा कडेला कलतो.

वाकण्याचं गणित बघा. मधला पाय नाही असं समजू. चार फुटांचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर), एका लांब पट्टीवर सव्वादोनशे किलो. ४×२ आडवी टाकली तर मधोमध पावणेपाच मिमी वाकेल. तीच उभी धरली तर सव्वा मिमी. लाकूड तेच, वजन तेच, फक्त कुशीवर वळवलं. आणि मधे पाय दिला की गाळा निम्मा होतो, वाकणं सोळा पटींनी कमी होतं, ते एक दशांश मिमीच्याही आत जातं. कायमच्या ओझ्याखाली लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू आणखी वाकत राहतं, म्हणून हिशेबातला आकडा दुप्पट धरायची सवय ठेवा. तरीही तुमचा आराखडा आरामात बसतो.

मधल्या पायाला एक अट आहे. तो कोपऱ्यातल्या पायांपेक्षा केसभरही उंच नको. उंच झाला तर टँक मधोमध टेकेल आणि दोन्ही टोकं अधांतरी राहतील, ते पाय नसण्यापेक्षा वाईट. सहाही पाय एकत्र शिकंज्यात धरून एकाच वेळी कापून घ्या.

कलण्याबद्दल: १२ मिमी प्लायची पाठ, सगळ्या कडांनी चिकटवून आणि सहा-सहा इंचांवर स्क्रू मारून बसवलीत, तर तिरक्या पट्टीची गरज नाही. चौकट नुसती सांध्यांवर सोडली तर ढकलल्यावर नवारीच्या खाटेसारखी तिरकी होते. प्लायचा अखंड तुकडा तिला ते करू देत नाही. दोन्ही बाजूंचे प्लायही तसेच पक्के लावा, ते दीड फुटाच्या दिशेचं कलणं थांबवतात.

आता जमीन. आयएस ८७५ प्रमाणे राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, असं वापराचं वजन धरून स्लॅब काढतात. तुमच्या टँकखाली हा आकडा चौरस मीटरला ९०० च्या घरात जातो. बघून लगेच घाबरायचं कारण नाही, कारण २०० हा आकडा पूर्ण खोलीभर धरलेला असतो. दहा बाय बाराच्या खोलीत तो बावीसशे किलो होतो. प्रश्न एका जागी एकवटण्याचा आहे, आणि म्हणून जागा कुठली हे लाकडापेक्षा मोठं.

बीमला लागून ठेवा, लांब बाजू बीमच्या दिशेने. स्लॅबच्या मधोमध कधीही नको. बीम कुठे आहे हे कळायला आपल्याच छताकडे बघा. इमारतीत सगळे मजले सारख्या नकाशाचे असतील तर तुमच्या छताला जिथे बीम दिसतो तिथेच बहुधा तुमच्या फरशीखालीही असतो. फॉल्स सीलिंग केलं असेल तर खालच्या मजल्यावर जाऊन विचारा. भिंत दिसली म्हणजे तिच्याखाली बीम असेलच असं मात्र नाही. चार इंची पार्टिशन भिंत कित्येकदा नुसत्या स्लॅबवर उभी असते.

---

नवखी_मासोळी

बीम_कॉलम, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाने धस्स झालं. आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा केलाय आणि टँक तिथेच खिडकीपाशी ठेवायचा विचार आहे. आमचाही चार फुटीच. इमारत साधारण पंचवीस वर्षांची असेल. चालेल का?

---

बीम_कॉलम

ताई, तिथे ठेवू नका. बाल्कनी बहुतेक इमारतींत कॅन्टिलिव्हर असते, म्हणजे एकाच बाजूने धरलेली आणि दुसरं टोक हवेत. खिडकीची जागा म्हणजे नेमकं ते बाहेरचं टोक. शिवाय बाल्कनी आत घेताना त्या टोकावर विटांची भिंत, ग्रिल, सरकत्या खिडक्या असं ओझं आधीच चढलेलं असतं. पंचवीस पावसाळ्यांत त्या स्लॅबच्या वरच्या सळ्या किती गंजल्यात हे बाहेरून दिसत नाही, आणि कॅन्टिलिव्हरमध्ये सगळा भार वरच्याच सळ्यांवर असतो. टँक आत, मूळ हॉलच्या बीमपाशी घ्या. आणि एकदा सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागून घ्या. तो झालेला नसेल तर इतका मोठा टँक ठेवण्याआधी कुणा इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा. नुसत्या माझ्या या प्रतिसादावर जाऊ नका.

जुन्या वाड्यात, लाकडी तुळयांच्या माडीवर तर चार फुटी टँकचा विचारच करू नये.

---

खारं_पाणी

ठाण्याहून. माझा समुद्री टँक आहे, याच मापाचा, म्हणून संपबद्दल (टँकखाली ठेवतात ती पाणी गाळायची दुसरी टाकी) बोलतो. शेवाळी, संप करणार आहात का? असेल तर पुढचा मधला पाय आड येईल. दोन-अडीच फुटी संप दोन फुटी दारातून आत जात नाही, आणि एकदा वर टँक भरला की तो पाय काढता येत नाही.

तीन वाटा आहेत. संप आधी आत ठेवून मग वर टँक चढवायचा, पण मग संप गळला तर सगळं रिकामं करावं लागतं. दुसरी, एका बाजूचा प्लाय काढता-घालता येईल असा ठेवायचा. बीम_कॉलम यांनी आत्ताच सांगितलं की बाजूचे प्लाय पक्के हवेत, त्यामुळे ती बाद. तिसरी म्हणजे पुढचा मधला पाय काढून पुढची वरची पट्टी ६×२ ची करायची. मी हेच केलंय.

खाऱ्या पाण्यासाठी लाकूडच निवडा हे माझं कळकळीचं सांगणं. मिठाचे कण कडांवर साचतात आणि उतरत उतरत खाली येतात. लोखंडी स्टँडचे वेल्डिंगचे सांधे आधी फुलतात, रंग आतून सुटतो. लाकडातही स्क्रू, बिजागऱ्या सगळं स्टेनलेस ३०४ चं, जमलं तर ३१६ चं. साधा स्क्रू गंजतो आणि भोवतीचं लाकूड काळं पडतं.

आणि संपच्या कप्प्याला पाठीमागे हवा जायला मोकळी भोकं ठेवा. बंद कप्प्यात उघडं पाणी म्हणजे दमट कोठी होते, दारं फुगतात.

---

शेवाळी

खारं_पाणी, संप नाही, गोड्या पाण्याचा झाडांचा टँक आहे, कॅनिस्टर फिल्टर (पाणी गाळणारा बंद डबा) लावणार. एक फूट रुंद आणि दीड फूट उंच, दारातून सहज जातो. त्यामुळे मधला पाय राहील. पण ६×२ ची वाट फार उपयोगी आहे. बीम_कॉलम, सहा इंची पट्टी विनापाय चार फूट पेलेल का?

---

बीम_कॉलम

पेलेल. वाकणं उंचीच्या घनावर अवलंबून असतं. चारऐवजी सहा इंच केलं की सव्वातीन पटींहून अधिक फरक पडतो, सव्वा मिमीचं साधारण ०.३५ मिमी होतं. मात्र पाठीमागे मधला पाय आणि पुढे नाही असं केलंत तर पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित जास्त खाली बसेल. म्हणून पुढची-मागची रचना सारखीच ठेवा: दोन्हीकडे मधला पाय, किंवा दोन्हीकडे सहा इंच.

---

पैलतीरी

न्यू जर्सीहून नमस्कार. वाचनखूण साठवली, फार कामाचा धागा. दोन गोष्टी सांगतो.

नेटवर स्टँडचे जे आराखडे सापडतात ते बहुतेक अमेरिकेतले. तिथे 'टू बाय फोर' म्हणून जे मिळतं ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं, आणि फर किंवा पाइनसारखं मऊ लाकूड. ते आराखडे भारतात तसेच उतरवताना मापं जुळत नाहीत. सागवानात तोच आराखडा केला तर तो गरजेपेक्षा जाडजूड होईल, पैसे उगाच जातील.

दुसरं, टँकखालच्या फोमबद्दल. इथले कारखान्यातले टँक बहुतेक प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेले असतात, त्यांचा तळ स्टँडला टेकतच नाही, वजन फक्त कडांवर येतं. त्यांच्याखाली फोम घालू नये, तो मधून तळाच्या काचेला वर दाबतो. शेवाळींचा बिनचौकटीचा, सपाट तळाचा टँक आहे, त्याला मात्र हवाच.

---

सुतारशाळा

फोमवरून आठवलं. आपल्याकडे थर्माकोल घालतात. १२ मिमी, दाट जातीचा घ्या; दुकानातला हलका, दाणे सुटणारा नको. जागोजागी जोड देऊ नका, एक अखंड तुकडा. तो प्लायवरची बारीक खडबड, एखादा राहिलेला वाळूचा कण, एवढंच पचवतो. चौकटीचा पीळ थर्माकोल भरून काढत नाही.

प्लायचं बघाल तर आयएस ७१० चा शिक्का बघा. तुकडा ७२ तास उकळल्यावरही थर सुटू नयेत अशी त्याची चाचणी असते. शिक्क्यावरचा सीएमएलने सुरू होणारा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा की खोटा कळतं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड या कामात नको. पाणी एकदा कडेतून आत गेलं की फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

---

कोयनाकाठ

पाटण तालुक्यातला आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत मोठा झालो, आणि लहान धक्के आमच्याकडे अजूनही जाणवतात. म्हणून कलण्याच्या मुद्द्यावर आवर्जून लिहितोय.

धक्का बसला की चार फुटी टँकमधलं पाणी लांबीच्या दिशेने हिंदकळतं, आणि थांबायला वेळ घेतं. त्या वेळी वरचं वजन स्टँडला एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलत असतं. माझ्या स्टँडला पाठीला १२ मिमी प्लाय आहेच, शिवाय मागची वरची पट्टी दोन एल अँगलनी भिंतीला धरलीय. भिंतीत अँकर फास्टनर, आणि अँगलच्या भोकाला उभी लांबट खाच, म्हणजे लाकूड पावसाळ्यात फुगलं-आकसलं तरी ओढ बसत नाही. वजन भिंतीवर द्यायचं नाही, नुसतं कलू द्यायचं नाही. आमच्या भागात तरी ही गोष्ट कोणी टाळू नये.

घरात रांगतं मूल असेल तरी हेच करा. मुलं दाराला धरून उभी राहतात.

---

नवखी_मासोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. छत बघितलं. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधे बीम आहे, त्याला लागून चार फूट भिंत रिकामी मिळतेय. खालच्या काकूंच्या घरीही त्याच जागी बीम दिसला. ऑडिटचा अहवाल सोसायटीत मागितलाय.

दोन शंका. तिथली एक फरशी वाजवली की पोकळ आवाज येतो. आणि सासूबाईंचं म्हणणं आहे की टँक ईशान्येला हवा. ती जागा ईशान्येला नाही.

---

सुतारशाळा

ताई, रुपयाच्या नाण्याने चार फुटांतल्या सगळ्या फरश्या ठोकून बघा, कडेला आणि मधे. भरीव फरशी बद्द वाजते, पोकळ खणखणते. व्हिट्रिफाइड फरशीखाली माल पूर्ण पसरला नसेल तर पायाच्या टोकाखाली ती तडकते. खालची चौकट पूर्ण लांबीने फरशीवर टेकलेली असेल तर वजन चार-पाच फरश्यांत वाटलं जातं, धोका बराच कमी. तरी पोकळ फरशी आधी काढून पक्की बसवून घ्या, टँक आल्यावर ते काम होणार नाही.

फरशी पुसताना रोज पाणी लागतं. म्हणून चौकटीखाली ग्रॅनाइटची किंवा कडप्प्याची पाऊण इंची पट्टी टाका, चौकटीएवढीच रुंद. लाकूड पाण्यापासून वर राहतं आणि वाळवीलाही लपून चढायला जागा मिळत नाही. लाकडाची कापलेली टोकं सगळ्यात जास्त पाणी शोषतात, त्यांना पॉलिशचा हात जास्तीचा द्या.

पॉलिश पीयूचं. लाखेचं पॉलिश दिसायला देखणं, पण पाण्याचा थेंब राहिला की पांढरा डाग पडतो. आतल्या बाजूनेही तितकेच हात द्या. एका अंगाने ओल शोषली आणि दुसऱ्या अंगाने नाही, तर फळीला बाक येतो.

---

बीम_कॉलम

ईशान्येबद्दल: सासूबाईंना सांगा, की बीमवर ठेवलेला टँक घर आणि खालचं घर, दोन्ही सांभाळतो. लहानसा कुंभ किंवा कमळाचं भांडं ईशान्येला ठेवता येईल, त्याला कुठलाच हिशेब लागत नाही.

---

खारं_पाणी

विजेबद्दल कोणीच लिहिलं नाही. सॉकेटची पट्टी स्टँडच्या आत वरच्या अंगाला, पाण्याच्या नळ्यांपासून लांब बसवा. तळाला कधीच ठेवू नका. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर आणा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. आणि त्या सर्किटला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) आहे की नाही, ते वायरमनकडून तपासून घ्या. हात पाण्यात असताना हीटरची काच फुटली तर वाचवणारी तीच एक वस्तू आहे.

---

शेवाळी

लाकूड आलं, चौकटी जोडून झाल्या. खालच्या चौकटीसाठी कडप्प्याच्या पट्ट्या कापून आणल्यात. कोरा कागद सगळ्या खांद्यांखाली घालून बघितला. पुढच्या डाव्या पायाखाली सरकला, तिथली खाच पटाशीने उतरवली. दोऱ्यांची युक्ती मला ठाऊक नव्हती. वरच्या चौकटीचे दोरे मधोमध अलगद टेकलेत, हे बघताना जो आनंद झाला तो सांगायलाच हवा. कुठलंही यंत्र नाही, दोन सुतळ्या, आणि चार फुटांच्या चौकटीत अर्ध्या सुताचाही पीळ लपत नाही.

फरशीला बाल्कनीच्या दाराकडे ढाळ आहे. गवंड्यांची पाण्याची लेव्हल नळी मागून आणली होती, तिने मोजलं: चार फुटांत दोन सूत. पाणसळही तेच दाखवते. हे दोन सूत कुठे भरून काढू? कडप्प्याखाली की कडप्पा आणि चौकटीच्या मधे?

---

सुतारशाळा

कडप्प्याखाली. टँक आणि प्लायच्या मधे पाचर घालतात, ते कधीच करू नका, काच तेवढ्याच एका जागी टेकते. चौकट आणि कडप्प्याच्या मधेही नको, तिथे लाकूड लाकडाच्या पाचरेवर दबत राहतं. कडप्प्याखाली टाइल चिकटवायचा माल लांबीभर उतरता पसरा, वर कडप्पा ठेवून पाणसळीने बसवा आणि दोन दिवस हलवू नका. सुकल्यावर चौकट ठेवून चारी बाजूंनी पुन्हा पाणसळ लावा, आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर.

---

बीम_कॉलम

आणि भरताना घाई नको. आधी एक तृतीयांश पाणी, मग पाणसळ. रात्रभर थांबून दोन तृतीयांश, पुन्हा पाणसळ, आणि दारांच्या फटी बघा: आधी सारखी असलेली फट कुठे वर-खाली झाली तर सांगाडा कलतोय. पूर्ण भरल्यावर आठवडाभर वाळू आणि झाडं न घालता तसाच ठेवा. या टप्प्यावर काही आढळलं तर नुसतं पाणी काढून दुरुस्ती करता येते.

---

नवखी_मासोळी

ऑडिटचा अहवाल मिळाला. हॉलचा बीम ठीक आहे, बाल्कनीच्या स्लॅबला मात्र दुरुस्ती सुचवली आहे, त्यात सळ्या गंजल्याचं स्पष्ट लिहिलंय. टँक बीमपाशीच जातोय. माझ्याकडे सुतारकामाची सवय नाही, त्यामुळे मिस्त्रींकडून करून घेणार. त्यांना हा धागा वाचायला दिला तर ते म्हणाले, सहा पाय कशाला, चार बास. त्यांना काय सांगू?

---

शेवाळी

त्यांना ४×२ ची चार फुटी पट्टी दोन विटांवर आडवी टाकून मधोमध उभं राहायला सांगा. मग तीच पट्टी कुशीवर वळवून, कुणीतरी धरून ठेवून, पुन्हा उभं राहू द्या. मग मधे तिसरी वीट. तिन्ही वेळा पट्टीखाली फूटपट्टी धरून ती किती खाली आली ते त्यांनाच वाचू द्या.